निघत नाही

येल्मर नेदरलँडला परत गेला,
त्याची कोरोला मी घेतली. सहाशे रियाल,
एसी थंड, एक आरसा तडकलेला,
आणि प्लेअरमध्ये अडकलेली सीडी.
निघत नाही, तो म्हणाला. किल्ली दिली.

दोन पियानो. चार सूर. तेच चार.
सहमपासून सोहारच्या बंदरापर्यंत
पस्तीस मिनिटं तेच चार.
पहिल्या आठवड्यात डॅशबोर्डला तीनदा थापा मारल्या.
फोनवर उज्ज्वला म्हणाली,
अहो, मागे काय घासतंय?

समुद्राचं गोडं पाणी करतात तिथे मी दाब मोजतो.
तासाला एक आकडा,
तोच आला तर दिवस चांगला.
म्हणून असेल,
थापा मारणं सुटलं.

मग रमजानात, ड्यूटी बदलली तेव्हा,
पहाटे चारला, पुढे एकटा टँकर,
ऐकू आलं: दुसरा पियानो मागे पडतोय.
केसभर. मग दोन केस.
चाराचे आठ झाले, आणि आठांच्या फटीतून
कुणीच न वाजवलेलं काहीतरी घुमायला लागलं.
ॲक्सिलरेटरवरून पाय आपोआप उठला.

हे मला माहीत होतं.
इचलकरंजीत आमचे दोन माग, शेजारी शेजारी,
एकाचा पट्टा जरा सैल.
खटक् खटक्, खटखटक्, खट-अक् खट-अक्,
आणि पाव तासानं कधीतरी
दोन्ही धोटे एका ठोक्यावर.
भिंतीअलीकडे, अंथरुणात, मी त्या ठोक्याची वाट बघायचो.
आला की झोप.
आप्पांना गाणं ऐकताना कुणी पाहिलं नाही.
वीज जाऊन माग थांबले की मात्र
ते दचकून उठायचे. कोण आहे? म्हणायचे.

सीडी बेचाळीस मिनिटांची, रस्ता पस्तीसचा,
त्यामुळे शेवट रोज वेगळ्या जागी येतो:
खजुराच्या बागेशी, मासळीच्या ट्रकामागे,
एकदा ऐन गोलचक्करात.
शेवटचा सूर विरत असताना
त्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवतं.
लाकडाचा एवढासा आवाज.
जमलं तर तेवढ्यापुरती गाडी कडेला घेतो.

गॅरेजवाला शम्सू म्हणतो, पाच रियाल द्या,
चिमट्यानं काढतो.
पुढच्या महिन्यात बघू, म्हणतो मी.
गेल्या महिन्यात हेच म्हणालो होतो,
बहुतेक थोडं लवकर.