लोंढ्याला बर्फ येतो

पियेदादबाय एकोणीस वर्षं आडवी आहे
रेल्वेच्या जुन्या क्वार्टरात, खिडकीकडे पाय करून.
आधी गुडघे गेले, मग मनगटं, मग मान.
मी सकाळी सातला जाते आणि दुपारी चारला,
तिची कूस बदलते. महिन्याला बाराशे.
पाठीला खोबरेल, टाचांखाली उशी,
बोलणं फुकट.

भिंतीवर एका सांतीणीचं चित्र.
लिडविना. हॉलंडची. सहाशे वर्षांमागली.
पंधराव्या वर्षी बर्फावर आपटली, बरगडी मोडली,
आणि अडतीस वर्षं अंथरुणात.
"आता बर्फावर नाचणाऱ्यांनीच
तिला आपली राखणदार केलीय बघ."
पियेदादबाय हसते. हसली की खांदा दुखतो,
म्हणून अर्ध्यावर थांबते.

पहिल्या शुक्रवारी फादर लिगोरी येतात,
कागदासारखी पांढरी चकती जिभेवर ठेवतात,
सांगतात, दुःख देवाला अर्पण कर.
ते गेल्यावर ती म्हणते,
"अर्पण करायला ते माझ्या हातात तर हवं.
मीच त्याच्या हातात."
मग खूप वेळानं,
"हीसुद्धा आधी रडली, भांडली देवाशी.
चित्रात ते काढत नाहीत."

एकदा विचारलं तिनं, बर्फावर माणूस चालतो कसा?
मला काय ठाऊक. मी तिनईघाटापलीकडे गेले नाही.
आमच्या लोंढ्याला बर्फ येतो तो वास्कोहून,
बांगड्यांच्या टोपल्यांत, फोडलेला,
फलाटावर उतरेपर्यंत निम्मं पाणी.

गेल्या बुधवारी मल्लेशी हमालाकडनं
एक खडा मागून घेतला,
केळीच्या पानात गुंडाळून पळत आले.
मासळीचा वास, वर एक खवला चिकटलेला.
तिची बोटं पुरती उघडत नाहीत.
मीच तळहातात सरकवला.

तिनं डोळे मिटले नाहीत,
चित्राकडेही बघितलं नाही.
"चावतं गं हे," म्हणाली.
मग, "ह्याच्यावर नाचायला गेली होती पोर?"

पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं,
सकाळीच बदललेली चादर भिजली.
बाहेर आधी कन्नडात, मग हिंदीत
कुठली तरी गाडी उशिरा असल्याचं सांगत होते.
मी फडकं उचललं.
"पुसू नकोस एवढ्यात."

गिरणी पाचला बंद होते, माझं दळण तिथंच होतं.
खवला तिच्या अंगठ्यावर वाळत चालला होता.
मी स्टूल ओढलं.