पावणेचार

जालन्याहून सायकलवर आलो.
कडवंचीच्या अलीकडं चेन दोनदा उतरली.
केवळाबाईंनी आधी माझे काळे हात बघितले,
मग बादली दाखवली. एकच.
"एका येलीला रोजचं चार लिटर.
तुमाला पंधरा.
मंजी तुमी पावणेचार येलींचे पावणे."

साबण मागितला, तर रिठे दिले.
न्हाणीचं पाणी इथं
सरळ द्राक्षाच्या शेवटच्या ओळीत जातं.

रात्री शेततळ्याच्या काठावर
स्टीलच्या पेल्यात वाइन.
त्या पीत नाहीत. नुसता वास घेतात,
"हितलीच हाय," म्हणतात,
आणि पेला माझ्याकडं सरकवतात.

निघताना हिशेबाचा कागद:
मुक्काम, भाकरी, ठेचा.
खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात,
जमा: जालना रोडची धूळ.
शेवटची ओळ.