कडक गादी

दापोडीच्या आमच्या गॅलरीत ऊन
नऊ वाजून दहाला येतं
आणि साडेदहाला समोरच्या बिल्डिंगमागे जातं.
तेवढ्यात गादी ग्रिलला टेकवून उभी करायची,
आधी ही बाजू, मग ती.
एरवी मित्रा करते. रविवारी माझी पाळी.

पाळणा जुना, खालच्या डिसिल्व्हांचा.
त्यांचा रायन आता दहावीला आहे.
पाळण्यासोबतची गादी मात्र मी घेतली नाही.
मधोमध खळगा होता तिला,
दुसऱ्याच कुणाच्या झोपेचा,
आणि एक पिवळा डाग, धुऊन धुऊन फिकटलेला,
गोव्याच्या नकाशासारखा.
राहू दे मग, म्हणाल्या बाई,
आणि तो डाग अंगठ्यानं चोळत
दारातच उभ्या राहिल्या थोडा वेळ.

नवी रविवार पेठेत शिवून घेतली, काथ्याची.
मऊ नको, म्हटलं.
दस्तगीरभाई म्हणाले, मऊच मागतात सगळे.
मग तळवा दाबला, मनात पाच मोजले, उचलला.
ठसा राहिला नाही.
"ही घ्या. हिच्या लक्षात काही राहत नाही."

मी भोसरीला गेज तपासतो.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी माल परत पाठवतो.
घरी पाळण्याच्या कडेला व्हर्निअर लावला
तेव्हा मित्रा हसता हसता खाली बसली.
गादी आणि लाकूड, मध्ये दोन बोटं जाऊ नयेत.
एक जातं, तेही दामटून.
चादर चारी कोपऱ्यांना खाली खेचलेली,
शेकलेल्या हलगीसारखी.
ओली झाली की रात्री अडीचला बदलायची
मोबाईलच्या उजेडात.
शी असेल तर आधी गार पाणी, गरम नाही,
गरमानं डाग बसतो,
हे आता मला पगाराच्या आकड्याइतकं पाठ आहे.

बाकी पाळण्यात काही नाही.
उशी नाही, लोड नाही.
मित्राच्या ऑफिसातून आलेला ससा फ्रिजवर बसतो.
यशोधरा, अकरा आठवड्यांची,
थंडीला दोन झबली, बस,
पाठीवर, दोन्ही हात वर,
शरण आल्यासारखी.

डिसेंबरात गिरजाआत्या आली इंदापूरहून.
पिशवीत मोहरीची उशी,
आणि दोन लुगड्यांची गोधडी,
टाके असे, की मुंग्या ओळीनं चालल्यात.
पाळण्यात डोकावून म्हणाली,
"अगं बाई, एवढ्याशा जिवाला फळीवर निजवलंय?"
मी डॉक्टरांचं सांगितलं. मित्रानं पुन्हा सांगितलं.
आत्या भाकरी थापायला उठून गेली.
त्या दिवशी भाकऱ्या जास्तच झाल्या.

रात्री जाग आली.
आत्या पाळण्याशी उभी, हातात गोधडी.
मी ताडकन उठलो.
"घालत नाही रे. झोप."

बाहेर मालगाडी चालली होती,
डबे संपता संपेनात.
ती संपल्यावर, माझ्याकडे न बघता,
"मला एक झाला होता. तुझ्या आधी. अशोक.
चाळिसाव्या दिवशी सकाळी उठलाच नाही.
नजर म्हणाले सगळे.
थंडी होती ना.
किती मऊ मऊ घातलं होतं मी त्याला,
खाली, वर, बाजूनं."

त्यानंच झालं, असं मी म्हणालो नाही.
त्यानं नाही झालं, असंही नाही.
कुणाला माहीत आहे आता.
यशोधरानं झोपेत ओठ हलवले
आणि आम्ही दोघं वाकून
तिचं पोट वरखाली होताना बघत राहिलो.

सकाळी गादी काढायला गेलो
तर ती आधीच उन्हात.
शेजारी आत्या, पाटावर,
गोधडी स्वतःच्या मांडीवर पांघरून.
मध्येच उठायची,
गादीवर तळवा दाबायची,
उचलून निरखायची.
"हं," म्हणायची,
आणि बाजू बदलायची.