इंजिन बंद

ग्दान्स्कमध्ये नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात,
म्हणजे दुपार अशी फारशी नसतेच.
मग दुपारचं जेवण कुठून असणार?
बोगुमिलचं उरकायचं तिसऱ्या गिअरमध्ये:
पंपावरचा सॉसेज-पाव, एक हात स्टिअरिंगवर,
मोहरी शर्टावर,
मांडीवर स्कॅनर, तान्ह्यासारखा किरकिरणारा.

एकशे त्रेचाळीस पार्सलं.
एकदा तर खोकंभर जेवणाचे डबे, काचेचे, हिरव्या झाकणांचे.
ते त्यानं चौथ्या मजल्यावर धावत पोचवले
नि खाली येऊन गार बटाट्याचे काप तोंडात कोंबले.
हसायलाही वेळ नव्हता.

"जेवता कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
"जेवतो कसला. पोटाच्या पत्त्यावर टाकतो नि निघतो."
त्यांनी साखरेचा आकडा लिहून दिला.
तो आरशामागे खोचलेला राहिला,
दार न उघडलेल्या घराच्या चिठ्ठीसारखा.

ओस्ताप नवा, खार्कीवचा, कमी बोलणारा.
डेपोत त्याला हसायचे:
बारा चाळीसला हा गोदीपाशी गाडी लावतो,
इंजिन बंद करतो
आणि किल्ली खिशात टाकतो.
किल्ली खिशात! जणू घरीच आला.
मग थर्मासातलं बीटचं सूप,
शिजवलेला कुट्टू, उकडलेलं अंडं, आंबवलेली काकडी.
वीस मिनिटं. चमच्यानं.

एका मंगळवारी, खिडकी जरा खाली होती,
कुरव पक्ष्यानं बोगुमिलचा पाव उचलला,
सॉसेजसकट, सिग्नलला.
तो शिव्या देत गोदीपर्यंत आला.
ओस्तापनं काही न विचारता शेजारचं दार उघडलं,
थर्मासच्या झाकणात सूप ओतलं.

पहिल्याच घोटाला जीभ पोळली.
तेव्हा कळलं,
दुपारी गरम काही खाल्ल्याला किती वर्षं झाली.

आता त्याचाही डबा असतो.
पहिल्यांदा कुट्टूचा लगदा झाला, दुसऱ्यांदा करपला,
बायको म्हणाली, मीठ नावाची एक वस्तू असते.
स्कॅनर कप्प्यात किरकिरतो,
पडद्यावर लाल अक्षरं: उशीर, बावीस मिनिटं.
एका गिऱ्हाइकानं तक्रार केली. केली तर केली.
साखर उतरली, पण सांगण्याइतकी नाही.

काचांवर आतून वाफ धरते,
बाहेरचं शहर पुसट होतं.
कुरव बॉनेटवर येऊन बसतो,
मान वाकडी करून बघतो आत.
"बीट आहे," बोगुमिल त्याला सांगतो,
"तुला नाही आवडायचं."