सामू

शाळेत पीएचला सामू म्हणत.
मला वाटायचं, मागच्या बाकावरचा कुणी मुलगा असेल,
नाव घेतलं की आंबट तोंड करून उभा राहणारा.
शून्य ते चौदा असा जिना,
आणि मधल्या सातव्या पायरीवर
शुद्ध पाणी बसलेलं, ना इकडचं ना तिकडचं.

आता बर्टनला, ट्रेंट नदीच्या काठी,
बिअरच्या कारखान्यात रात्रपाळीला
मी रोज त्याची हजेरी घेते.
काचेचा प्रोब मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा असतो.
कोरडा पडला की खोटं बोलतो.
मीही चार-चार दिवस मराठी बोलत नाही,
मग आईला फोन लावला की पहिलं वाक्य खरखरतं.

रॉय ऑर्गिलला प्रोब लागत नाही.
भिजल्या माल्टचा चमचा फुंकतो, जिभेवर धरतो,
"पाच पॉइंट चार, डक."
पहिल्या दिवशी मी मागे वळून बदक शोधलं होतं.
इथे सगळेच बदक. पोस्टमनसुद्धा.

फेब्रुवारीत एका रात्री वाफेचा व्हॉल्व्ह अडकला.
पासष्ट अंशांवर थांबायचं ते पीठ
मी वहीत आकडे उतरवत असताना
ऐंशीच्या पुढे गेलं.
आयोडीनचा थेंब टाकला:
काळानिळा.
म्हणजे स्टार्च जसाच्या तसा, साखरेच्या लांबच लांब माळा,
एक मणी सुटलेला नाही.

विकरं मेली होती.
मेली म्हणजे कुठे गेली नव्हती, तिथेच होती,
फक्त घडी उसकटलेली,
खिळा निघालेल्या कात्रीसारखी.
उकडलेलं अंडं कितीही गार पाण्यात ठेवा,
कच्चं होत नाही.

रॉय पायजम्यावर कोट चढवून आला.
ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.
म्हणाला, आधी गार होऊ दे.
आम्ही पाइपाला पाठ लावून बसलो.
त्याने आपल्या पावाचा अर्धा तुकडा दिला,
"चाव. गिळू नकोस. चावतच राहा."
बऱ्याच वेळाने पाव गोड लागायला लागला.
आई म्हणायची, घास बत्तीस वेळा चाव,
कारण कधी सांगितलं नाही.
तोंडात हीच कात्री होती तर, जन्मापासून,
आणि मी ती वरणभातावर खर्च करत आले.

पारा चौसष्टला आला तेव्हा
रॉयने भरडलेल्या माल्टची दोन पोती आत रिकामी केली.
नवी विकरं.
एक जात माळेच्या टोकापासून दोन-दोन मणी मोजून कापते,
गुजराती दुकानदारासारखी नेटकी;
दुसरी मधूनच, जिथे हात पडेल तिथे.
आणि दर कापाला पाण्याचा एक रेणू लागतो.
तो स्वतः मोडतो,
एका टोकाला हायड्रोजन देतो,
दुसऱ्याला उरलेलं सगळं.
कात्रीला ओरखडा नाही, ती पुढच्या मण्याकडे निघालेली.
वहीत एन्झाइमचं नाव लिहायला रकाना आहे.
पाण्यापुढे फक्त लिटर.

पाचला पुन्हा थेंब टाकला.
आयोडीन आयोडीनच्याच रंगाचं राहिलं.
रॉयने नोंद केली: व्हॉल्व्ह अडकला.
पेन खिशात. माझं नाव नाही.

उजाडताना पुलावरून घरी आले,
कोटाला माल्टचा वास, खाली हंस चिखलात तोंड खुपसून.
इथलं पाणी जड. किटलीच्या तळाला पांढरी खपली.
लिंबू पिळलं, तशी ती फसफसून उठली,
जणू मागच्या बाकावरून कुणी
हजर म्हणालं.

मग किटली विसळायची राहून गेली.
दूध घातलं, चहा नासला,
कपात घडी मोडलेल्या प्रथिनांचे बारीक पांढरे कण.
तरी प्यायले.