स्थानिक हादरा

शनिवारी सकाळी कुलूप मीच काढलं,
नारीनच्या आमच्या शाळेतल्या व्यायामशाळेचं.
मार्च संपत आला तरी पायऱ्यांवर बर्फ होता.
त्यावर भट्टीची राख टाकली,
कारण गाव येणार होतं, आणि विज्ञान
दारातच घसरून पडलेलं मुख्याध्यापकांना चाललं नसतं.

मग टेबलं आली. लिंबं आली, तारा आल्या,
नदीचं पाणी बाटलीतून आलं
आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुणाकुणाचा संसार निघालं.
बिश्केकहून आयपेरी आली, यंत्रमानवासकट.
तो दोनदा भिंतीवर आपटला, तिसऱ्यांदा
नगराध्यक्षांच्या बुटावर.
दिवसभरातल्या मोठ्या टाळ्या त्यालाच.

कोपऱ्यात मुकाश बाइके.
भूकंप-केंद्रातून निवृत्त, एका कानानं अधू,
डोक्यावर उंच पांढरी टोपी.
गोधडीत गुंडाळून आणलेलं यंत्र त्यांनी
झोपलेलं पोर खाली ठेवावं तसं ठेवलं.
एक नळकांडं, त्यावर कागद, कागदावर सुई.
बस्स. ना दिवा, ना आवाज.
लोक यायचे, बघायचे,
बोर्सोकच्या ताटाकडे वळायचे.

मग नुरिलानं, चौथीतल्या, पुढचे दोन दात नसलेल्या,
बाजूला उगीच एक उडी मारली.
सुईनं मान झटकली.

झालं. लिंबांकडे कुणी बघेना.
चौथीचा वर्ग उडाला, मग सातवी, मग मास्तर,
मग एक, दोन, तीन म्हणत अख्खी शाळा,
नातवंडांचे हात धरून म्हाताऱ्या,
बास्केटबॉलची कडी खुळखुळली,
समोवारचं झाकण तर उडून कुठं गेलं
ते मला दुसऱ्या दिवशी सापडलं.

बाइके हसले नाहीत.
म्हणाले, "आता उभे राहा. गप्प.
श्वास घेतला तरी चालेल."

तीनशे माणसं, आणि भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय.
सुई तरी हलत होती.
बारीक, सावकाश,
पलीकडे कुणी झोपल्यावर पांघरूण हलावं तशी.

"कोण हलवतंय?"
"समुद्र."

आमच्याकडे समुद्र नाही.
डोंगर, डोंगरामागं डोंगर,
मग दुसऱ्या कुणाचा तरी देश.
माझा नवरा तेवढा गेला होता, व्लादिवोस्तोकला, बोटीवर कामाला.
तिथून त्यानं एक शिंपला पाठवला.
नंतर काही पाठवलं नाही.

"लाटा तळाला सांगतात," बाइके म्हणत होते,
"तळ खडकाला, खडक खडकाला.
रात्रंदिवस. आपण कामात असतो, एवढंच."

नुरिलानं विचारलं,
"मग आपण उडी मारली ते त्याला कळलं?"
त्यांनी चांगला कान पुढं केला. तिनं परत विचारलं.
"कळलं असेल," बऱ्याच वेळानं म्हणाले,
"पण त्याच्याकडे कागद नाही."

यंत्र रात्रभर राहू दे, सकाळी नेतो, म्हणून गेले.
मी लिंबाच्या फोडी वेचल्या, झाडलं, दिवे मालवले.
कुलूप हातात घेऊन दारात उभी राहिले.
मग बूट काढले.

फळ्या गार होत्या. सुईजवळ जाऊन बसले.
शिंपला कानाशी धरायचे तेव्हा सासू म्हणायची,
स्वतःचंच रक्त ऐकतेस, वेडे.
असेलही.
इथं मात्र रेघ होती. शाईची.
माझ्या रक्ताशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.
कितीतरी वेळ ती येत राहिली,
आणि मी तिला कुणाचीही खुशाली विचारली नाही.

मग उठले, आणि वय एकसष्ट,
डावा गुडघा कधीचाच गेलेला,
दोन्ही पायांनी एक उडी मारली.

सकाळी बाइकेंनी चष्मा पुसून कागद वाचला.
"अकरा वाजून दहा मिनिटं. स्थानिक हादरा."
"मांजर असेल," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
कानावरची पेन्सिल काढली,
आणि त्या टोकाशेजारी नीट, केंद्रातल्या अक्षरात लिहिलं:
मांजर. अंदाजे पंच्याहत्तर किलो.