मंजूर संख्या चाळीस

शहाद्याबाहेर, लोणखेड्याच्या वाटेवर
जिनिंग बंद पडलं, गोदाम उरलं.
त्यात आम्ही पोरं ठेवतो.
ठेवतो कसली, सांभाळतो;
कागदावर मात्र क्रियापद 'ठेवणे' असंच आहे.
भिंतीच्या फटीतून अजून सरकी निघते.
पंखा लावला की जुना कापूस उडतो
आणि चाळीस पोरं एकदम शिंकतात.

दिवाळी सरली की डोंगरातून माणसं खाली उतरतात,
धडगावकडून, तोरणमाळच्या अंगानं,
डोक्यावर पातेली, काखेत कोंबडीसुद्धा,
आणि मुकादमाच्या ट्रकात बसून
उसाला जातात, बारडोलीकडे.
जाताना पोर इथं सोडतात.
सोडताना रडत नाहीत. घाई असते.

गेमसिंग असाच आला.
जन्मतारीख एक जून.
माझ्या रजिस्टरात सगळेच एक जूनचे,
त्या दिवशी सातपुड्यात केवढी धांदल उडाली असेल.
वय दात बघून लिहिलं: सात.

पहिल्या रात्री बॅटरी घेऊन फिरले
तर हा चपला घालून झोपलेला.
निळ्या, रबरी, एका पट्ट्याला तारेचा टाका.
"काब्र रे, आंडोर?"
मी माझ्या अहिराणीत विचारलं,
तो त्याच्या पावरीत गप्प राहिला.
हळूच काढल्या. पहाटे पुन्हा पायात.
चौथ्या रात्री म्हणाला,
"गाडी रातचीच येते."

फडावर ट्रक दोनला भोंगा देतो.
अंधारात ज्याला चपला सापडत नाहीत
तो धसकटांवरून अनवाणी पळतो,
नाहीतर मागे राहतो.
हा एकदा राहिला होता.
दिवसभर पाचटात बसून,
दुसऱ्याच टोळीच्या कुत्र्यासोबत.

मी काही बोलले नाही.
गोधडी जरा मोठी दिली,
चपलांवरून पुरेल अशी.

वर्गात 'घ'पाशी आलो.
चित्रात लाल कौलं, खिडकी, दाराला पडदा.
"हे काय?"
"दवाखाना," गेमसिंग म्हणाला.
कुणी हसलं नाही. तिघांनी मान डोलावली.
दवाखाना तर दवाखाना.
'द'सुद्धा त्याच दिवशी शिकवून टाकला.

पौषात दादरची भाकरी
तव्यावरून ताटात येईतो गार व्हायची, तेव्हा कधीतरी,
तारीख लिहून ठेवायला हवी होती मी,
बॅटरीच्या उजेडात त्याच्या उघड्या टाचा दिसल्या.
भेगांत काळी माती.
चपला खाटेखाली, एक उलटी, एक कुठल्या कुठे.
नीट ठेवा म्हणून मी रोज ओरडते.
त्या रात्री तशाच राहू दिल्या.

होळीला डोंगरातलं माणूस असेल तिथून परततं.
पोरंही जातात.
मी रिकाम्या गोदामात ताटं मोजते,
दुसरं काय मोजणार.
सगळे परत येतात असं नाही.
यंदा छत्तीस आले.
कागदावर चाळीस भरलेलेच, म्हणून जागा नाही.

गेमसिंग पाचव्या दिवशी आला, अनवाणी.
बोटाला धरून एक पोरगी,
चारची असेल, नसेल; दात बघू दिले नाहीत तिनं.
पायात निळ्या चपला,
टाचेमागे चार बोटं मोकळी.
"सुरमी," तो म्हणाला.
मग पाठ केल्यासारखं: "'घ' येतो हिला."

मी नियम सांगितला.
सहा वर्षं पूर्ण, दाखला, मंजूर संख्या.
सरकारी मराठीत सांगितला,
तिला कळू नये अशा.
तिनं सगळा ऐकून घेतला
आणि ताटांच्या ओळीत जाऊन बसली.

रात्री बॅटरी.
भावाच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड,
चपला पायात.
एक निसटायला आलेली, अंगठ्यानं घट्ट धरलेली,
झोपेतसुद्धा.

रजिस्टरात एक्केचाळीसावी ओळ छापलेली नाही.
खाली समासात लिहिलं: सुरमी.
जन्मतारीख: एक जून.

तपासणी बुधवारी आहे.